अठरा माणसांचे स्टेज

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडचे लोक 'अठरा' म्हणतात. तोंडावर अठराशेठ, पाठीमागे नुसते अठरा. तो सभांसाठी स्टेज बांधतो आणि त्याच्या स्टेजवर एका वेळी अठराच माणसे उभी राहू शकतात. एकोणिसावा आला की हा पायऱ्यांवर हात आडवा धरतो.

हे अठराचे गणित सुरू झाले ते त्याच्या वडिलांमुळे. त्यांनी बांधलेले एक स्टेज भर सभेत खाली बसले होते. वडिलांनी पुढाऱ्यांची डोकी बरोबर मोजली होती, पण अभिनंदन करायला मागच्या बाजूने चढलेले चौघे त्यांच्या मोजणीत नव्हते. फार कुणाला लागले नाही. एकाचा चष्मा फुटला आणि एकाची भाषणाची वही चिखलात गेली, एवढेच. पण त्या दिवसापासून वडिलांनी पाना हातात धरला नाही. धंदा याच्या अंगावर पडला तेव्हा याला मिसरूडही नीट फुटलेली नव्हती. त्याने फळ्या मोजल्या, खांब मोजले, वाळूची पोती चढवून पाहिली आणि अठरा हा आकडा ठरवला. तेव्हापासून त्याचे एकही स्टेज बसलेले नाही.

त्याची काम करण्याची रीत मला फार आवडते. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे त्याची शेड आहे. तिथे लोखंडी पाइप उंचीप्रमाणे लावलेले असतात आणि प्रत्येक फळीच्या पोटावर पांढऱ्या रंगात नंबर असतो. स्टेज उभे झाले की तो नऊ ठिकाणी उड्या मारून बघतो. या वयातही. सभा सुरू झाली की खाली कापडाआड शिरतो आणि मधल्या खांबाला तळवा लावून बसतो. वर भार वाढला की तो खांब बोलतो, असे त्याचे म्हणणे. मी एकदा तासभर कान लावून बसलो होतो, मला काही ऐकू आले नाही. तो म्हणाला, "दादा, कानानं नाही, हातानं ऐकायचं." मग हात लावला, तरी नाही. माझ्यात काही कमी असेल.

अशा बसण्यामुळे तीस वर्षांत त्याने बहुतेक सगळे पुढारी ऐकले, पण पाहिले फारसे नाहीत. तो त्यांना पावलांवरून ओळखतो. "हा माइककडे जाताना पाय ओढतो आणि खुर्चीकडे जाताना पळतो," असे एकाबद्दल त्याने मला सांगितले होते. भिंतीवरच्या पोस्टरांकडे तो बघत नाही. म्हणतो, सगळे एकसारखेच हसतात, लक्षात काय ठेवायचे?

त्या वर्षी देशाची निवडणूक आणि राज्याची निवडणूक सहा महिन्यांच्या अंतराने आल्या. स्टेजवाल्याला असे वर्ष पुन्हापुन्हा मिळत नाही. त्यातून माझी भाची, त्याची एकुलती एक मुलगी, नोकरी सोडून बापाच्या हाताखाली आली होती. तिला धंदा पुढे चालवायचा होता. एका मोठ्या पक्षाचे प्रचारप्रमुख शेडवर येऊन सांगून गेले होते, "देशाच्या निवडणुकीतल्या आमच्या सगळ्या सभा नीट पार पाडा, राज्याच्या वेळी सगळ्या जिल्ह्याची स्टेजं तुमची." ते काम मिळाले तर मुलीची सुरुवात झोकात होणार होती. नाही मिळाले तर तिला पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात खुर्ची शोधावी लागणार होती.

माझी बहीण त्याला रोज जेवताना बजावत असे. "अहो, यंदा जरा डोळ्यांवर कातडं ओढा. अठरा काय आणि वीस काय!"

"अठराच्या पुढं मला मोजताच येत नाही," तो म्हणे, आणि पुढचा घास घेई.

सात सभा सुरळीत झाल्या. आठवी, शेवटची, शाळेच्या मैदानावर होती. त्या दिवशी त्याचे दोन कामगार तापाने पडले. मग भाची पहिल्यांदाच स्टेजखाली खांबापाशी बसली, अठरा स्वतः पायऱ्यांवर उभा राहिला आणि वर जाणाऱ्या प्रत्येकामागे फळीवर खडूने एक रेघ मारायचे काम माझ्याकडे आले. मला माणसांना अडवता येत नाही, हे त्याला माहीत होते. रेघ मारता येते.

उमेदवार यायच्या आधीच पक्षाची मंडळी वर चढू लागली. तालुक्याचे, शहराचे, कुणाचे काका, कुणाचे व्याही. मी रेघा मारत होतो. अठरा रेघा झाल्या तेव्हा खरे तर मी बोलायला हवे होते. उमेदवारासाठी जागा ठेवायची, हे मला सुचले होते. पण वाटले, याला कळत नसेल का, आपण कोण सांगणारे? आणि त्याला वाटले, उमेदवार आधीच वर गेला असेल. तो पायांकडे बघत होता. त्या उमेदवाराची चाल त्याला सात सभांनी पाठ झाली होती. कडक बुटांची टाच, टक टक टक. तशी एक टाच वर गेली होती. ती उमेदवाराच्या मेव्हण्याची निघाली.

थोड्या वेळाने मैदानात आरडाओरडा झाला आणि गर्दीतून एक जाडसर गृहस्थ लंगडत पायऱ्यांपाशी आले. पायात मऊ कॅनव्हासचे बूट. अठराने हात आडवा धरला.

"अठरा झाले, भाऊ. एक उतरला की तुम्ही चढा."

"अहो, मी उमेदवार आहे."

"आज सकाळपासून प्रत्येक जण तेच सांगतोय."

त्या गृहस्थांच्या डोक्यामागे त्यांचाच बारा फुटी चेहरा टांगलेला होता. मी अठराची बाही ओढली. तेवढ्यात प्रचारप्रमुख धावत आले. "अठराशेठ, काय करताय काय! साहेब आहेत ते!"

अठराने मान वर केली. आधी चेहऱ्याकडे पाहिले, मग बारा फुटी चेहऱ्याकडे पाहिले. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. पण हात खाली आला नाही.

"माफ करा साहेब, ओळखलं नाही. बूट बदललेत तुम्ही. पण अठरा झालेत."

मला समोर भाचीचे वर्ष, जिल्ह्याची स्टेजे, सगळे त्या एका आडव्या हातावर तोलून धरलेले दिसत होते. प्रचारप्रमुख लाल झाले. साहेबांनी मात्र वर बघून विचारले, "बरं, कोण उतरतंय?"

वर तालुक्याने शहराकडे पाहिले, शहराने व्याह्यांकडे. एक जण म्हणाला, "मी पाच गाड्या भरून माणसं आणलीत." दुसरा म्हणाला, "माझं आभाराचं भाषण आहे." मेव्हणे तर आकाशातले ढग बघू लागले.

आणि स्टेजच्या पोटातून माझ्या भाचीचा आवाज आला, "बाबा, एकोणीस आहेत!"

"अठराच आहेत गं, मामाच्या रेघा आहेत."

"मामाच्या रेघा राहू द्या. खांब बोलतोय. मागनं कुणीतरी चढलंय."

मागच्या कोपऱ्यात एक फोटोग्राफर पाइपवरून चढून पडद्याआड उभा होता. अठरा त्याला उतरवायला निघाला, एक पायरी चढला आणि थबकला. स्वतः वर गेला असता तर वीस झाले असते. मग तो तिथूनच ओरडला, "ओ फोटोवाले! उतरा खाली! आलात तसेच उतरा!" पहिल्या रांगेतल्या बायका हसू लागल्या. हसणे मागच्या रांगांपर्यंत गेले. फोटोग्राफर कॅमेऱ्याचा पट्टा दातांत धरून घसरत खाली आला.

साहेबही हसत होते. त्यांनी गुडघा चोळला आणि हळूच विचारले, "शेठ, या पायऱ्यांवर किती चालतात?"

"पायऱ्या वेगळ्या आहेत, साहेब. त्यांचे पाय वेगळे. चौघं आरामात."

"मग देवच पावला. महिनाभर चालून गुडघ्याची वाट लागलीय. सगळ्या पायऱ्या चढायच्या म्हणजे मला धडकीच भरली होती." आणि ते तिसऱ्या पायरीवर उभे राहिले, कठड्याला टेकले, माइक तिथेच मागवून घेतला आणि बोलू लागले.

लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. एका आजोबांनी मधेच विचारले, "नळाला पाणी कधी येणार?" साहेब इतक्या जवळ होते की ऐकले नाही, असे म्हणायची सोय नव्हती. उत्तर द्यावे लागले. वरच्या अठरांकडे कुणाचे लक्ष नव्हते. थोड्या वेळाने त्यातला एक मागच्या बाजूने उतरला, मग दुसरा. भाषण संपले तेव्हा स्टेजवर फक्त मेव्हणे होते आणि एक पाण्याची बाटली.

साहेब निवडून आले, तेही थोडक्यात. पण आमच्याकडे कुणाचा निरोप आला नाही. प्रचारप्रमुख त्या दिवशी न बोलता गाडीत बसून गेले होते. राज्याच्या निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या, एक आठवडा गेला, दुसरा गेला. शेडमध्ये अठरा पाइप पुसत बसे. एकदा पुसलेला पाइप पुन्हा पुसताना मी त्याला पाहिले. बहीण काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही तेव्हा घरात सगळ्यांना जेवण जड जाते. भाचीने दोन ठिकाणी नोकरीसाठी अर्ज केले होते. मी तिला म्हणालो, "माझ्या हातून चूक झाली, मी वेळेवर बोललो नाही." ती म्हणाली, "मामा, तुम्ही बोलला असतात तरी बाबांनी ऐकलं असतं का?"

तिसऱ्या आठवड्यात दुपारी प्रचारप्रमुख शेडच्या दारात उभे राहिले. मी तिथेच होतो. उठून जावे की बसावे, हे न कळून अर्धवट उभा राहिलो.

"अठराशेठ, तुमच्यामुळे साहेबांनी माझं डोकं खाल्लंय," ते म्हणाले. "प्रत्येक सभेला बोलायला खाली वेगळ्या रुंद पायऱ्या पाहिजेत म्हणतात. वर बाकीचे. जिल्ह्यात एकवीस सभा आहेत. जमेल?"

अठराच्या हातातले फडके खाली पडले. हे मी पहिल्यांदा पाहिले.

"जमेल," भाची म्हणाली.

"पण खांबाला ही मुलगी बसणार असली तरच, असं साहेबांनी सांगितलंय."

"मीच बसणार. पण वर सतरा."

"सतरा?" प्रचारप्रमुख आणि अठरा एकदमच ओरडले.

"फळ्या जुन्या झाल्यात, बाबा. गेल्या महिन्यात मी पोती चढवून पाहिली. नव्या येईपर्यंत सतराच."

प्रचारप्रमुखांनी अठराकडे पाहिले. अठराने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले.

"साहेबांना धरून की सोडून?" शेवटी प्रचारप्रमुखांनी विचारले.

"वर आले तर धरून, काका."

ते मटकन स्टुलावर बसले आणि त्यांनी खिशातून सभांच्या तारखांचा कागद काढला. एकवीस सभांपैकी पहिली सहाच दिवसांवर होती. कोणत्या सभेला कोण कामाला, हे भाचीने तिथल्या तिथे लिहून काढले. मला रेघांवर ठेवायचे नाही, हे तिने सगळ्यांत आधी लिहिले.