निळ्या फेट्याची पाळी

आमच्या वडिलांनी आयुष्यभर दोन कामं केली. दिवसा पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवर पोरांना बाराखडी शिकवली आणि संध्याकाळी साहसकथा लिहिल्या. बोटभर जाडीची पुस्तकं, स्वस्त कागद, आणि मुखपृष्ठावर हमखास एक वाघ. आतल्या गोष्टीत वाघ असो वा नसो, प्रकाशकाकडे वाघाचं चित्र तयार असायचं. नायकाला नाव नव्हतं. सगळे त्याला 'निळा फेटेवाला' म्हणत. नाव दिलं की आडनाव लागतं आणि आडनाव आलं की भावकी आली, असं बाबांचं म्हणणं. बिचाऱ्यांना वाटलं होतं, एवढ्याने भावकी टळेल.

पहिल्या पुस्तकात निळा फेटेवाला आंबेनळीच्या कड्यावरून उतरण्याआधी दोन्ही तळहातांवर थुंकतो. आमची वाडी कुडपणच्या वाटेवर, बारा घरांची. देवळाखालच्या घरातले आजोबा झाडावर चढताना तस्संच थुंकायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कुणीतरी वाचून दाखवल्यावर ते पुस्तक काखेत मारून गावभर फिरू लागले. शिमग्याच्या आधी गावकी बसली तेव्हा बाकीच्या घरांनी विषय काढला. गुरुजी सगळ्या गावाचे, मग मान एकाच घराला का?

आमच्याकडे पालखीचा पुढचा दांडा कुणी धरायचा याची पाळी असते. दर साली पुढचं घर. त्याच न्यायाने ठरलं की निळा फेटेवालाही पाळीने फिरेल. दर पुस्तकाला एक घर. बाबांनी ते मान्य केलं, कारण त्यांना गावात राहायचं होतं. त्यामुळे दुसऱ्या पुस्तकात नायक ठेंगणा झाला, तिसऱ्यात फेट्याखाली टक्कल निघालं, चौथ्यात तो तिरळा होता आणि पाचव्यात चालताना बोलताना बिडी शोधत खिसे चाचपायचा. गावाबाहेरच्या वाचकांना ही लेखकाची प्रतिभा वाटली. नायक वेषांतरात पटाईत आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

खरी पंचाईत खलनायकाची होती. त्यालाही नाकडोळे लागतात, लकबी लागतात, आणि तो मान कुठल्याच घराला नको होता. मग बाबांनी सगळे खलनायक आपल्याच घरातून काढले. विष घालणारी, मान तिरकी करून बघणारी बाई म्हणजे मी. शाळेत मुली मला वचकून असायच्या, आणि खरं सांगायचं तर मला ते फार सोयीचं पडलं. पण बहुतेक पुस्तकांत मुख्य दुष्ट माणूस बोलण्याआधी दोनदा नाक ओढायचा. ही सवय माझ्या धाकट्या भावाची. अंधाऱ्या गुहेत दोनदा नाक ओढल्याचा आवाज आला की वाचकाच्या अंगावर काटा यायचा. पोलादपूरच्या शाळेत भाऊ वर्गात शिरला की आख्खा वर्ग दोनदा नाक ओढायचा. शेवटच्या प्रकरणात तो मरायचा. कधी सावित्री नदीतल्या मगरीने खाल्लं, कधी कड्यावरून पडला, एकदा तर चुन्याच्या भट्टीत गेला.

तो मोठा झाला, मुंबईला गेला, नालासोपाऱ्यात राहून लिफ्ट दुरुस्त करायला लागला आणि यायचा बंद झाला. आईच्या दिवसांना आला तो अंगणात बसला. घरात पाय ठेवला नाही की पाण्याचा घोट घेतला नाही. मी चिडून त्याला नाही नाही ते बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि संध्याकाळच्या एसटीने निघून गेला.

बाबांचा हिशेब असा होता की यजमानाने पंगतीत शेवटी बसावं. नायकाची आपल्या घरची पाळी त्यांनी म्हणून शेवटी ठेवली. बाराव्या पुस्तकात निळा फेटेवाला म्हणजे माझा भाऊ होणार होता. अकरा छापून झाली आणि प्रकाशकाने दुकान बंद केलं. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या मनात दोनच इच्छा राहिल्या. निळा फेटा लोकांनी पुन्हा बघावा, आणि मुलाने उंबरठा ओलांडून आत यावं. पहिली ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दुसरी फक्त मला माहीत होती.

थकल्यापासून बाबा महाडला माझ्याकडेच असतात. मागच्या उन्हाळ्यात माझ्या दारात अर्ध्या चड्डीतला एक दिग्दर्शक उभा राहिला. त्याचं आजोळ जवळचंच नाते गाव. तिथल्या माळ्यावर त्याला लहानपणी ही पुस्तकं सापडली होती आणि आता त्याला त्यांचा सिनेमा करायचा होता. आमच्याकडच्या प्रती पुरात गेल्या होत्या. बाबांनी त्याच्या हातातला वाघ ओळखला आणि त्याला आधी आंबा खायला लावला. मग त्याने मोठ्या भक्तीने विचारलं की निळा फेटेवाला नेमका दिसतो कसा. बाबांनी अकरा उत्तरं दिली. ठेंगणा, उंच, टकला, दाट केसांचा, तिरळा, सरळ नजरेचा. तो बिचारा सगळं लिहून घेत होता. शेवटी त्याने वही मिटली आणि सांगितलं की एक नट त्याने आधीच पक्का केलाय, व्यायामशाळेतला, दंड असे की शर्टाची शिवण उसवावी. शूटिंग मात्र आमच्या वाडीवरच्या सड्यावर, तिथल्या उघड्या कातळमाळावर, करायचं होतं. सडा गावकीचा. म्हणजे परवानगी गावकीची.

देवळात बैठक बसली. मुंबईला कामाला गेलेल्या गाववाल्यांच्या मंडळाशिवाय आमच्याकडे पानही हलत नाही, आणि देवळात रेंज फक्त घंटेपाशी येते. म्हणून मोबाईल पिशवीत घालून घंटेला टांगला आणि मंडळाचे अध्यक्ष वरून बोलू लागले. दिग्दर्शकाला वाटलं होतं, सड्याचं भाडं ठरेल. त्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. चर्चा सुरू झाली ती सिनेमात फेटा कुठल्या घराचा, यावर. देवळाखालचं घर म्हणालं, नवा फेरा, म्हणजे आमच्यापासून सुरुवात. तिरळ्यांचं घर म्हणालं, आमचं पुस्तक सगळ्यात जास्त खपलं. एकाने सुचवलं की सिनेमा अडीच तासांचा असेल तर दर घराला थोडा थोडा वेळ द्यावा, फेटा तोच ठेवून आतला माणूस बदलावा. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पुन्हा खाली बघू लागला.

शेवटी घंटेतून अध्यक्षांचा आवाज आला. पालखी मधेच थांबली तर पुढच्या साली जिथं थांबली तिथूनच उचलायची, हा गावाचा कायदा. अकरा घरं झाली, बारावं राहिलं.

"पाळी गुरुजींच्या घराची हाय," ते म्हणाले. "गुरुजींचं वय झालं. म्हंजे त्यांच्या पोराची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दिग्दर्शक काकुळतीला येऊन म्हणाला की नट ठरलाय. त्याला समजावण्यात आलं की ठरलाय तर ठरू दे, नट कोण हे गाव विचारत नाय, पाळी कोणाची ते सांगतंय. मी बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून काठीच्या टोकाने शेणाने सारवलेली जमीन उकरत होते. मघापासून त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, आणि सबंध बैठक आपल्याला हवी तिथे येईपर्यंत थांबले होते. मास्तर कुठले.

तिथूनच भावाला फोन लागला. बापाला नाही म्हणणारे पुष्कळ असतात, पण पाळीला नाही म्हणणारा आमच्या वाडीत अजून जन्मला नाही. एकदा पाळी टाळली की पुढच्या पिढीच्या लग्नातसुद्धा ते काढतात. घंटेतून दोनदा नाक ओढल्याचा आवाज आला.  मग तो म्हणाला, रविवारी येतो.

रविवारी आला तेव्हा पोट सुटलेलं, केसांना कलप, आणि खिशावर कंपनीचं नाव असलेला सदरा. बाबांच्या पाया पडला तोही अंगणातच. गाव आधीच सड्यावर जाऊन बसलं होतं, बायका चटया घेऊन गेल्या होत्या. तो नटही आला होता. चांगला पोरगा होता, कुणाशी काय बोलावं हे न कळून सगळ्यांना नमस्कार करत सुटला होता. दिग्दर्शकाने गावाचा मान राखायला एक कातळ दाखवला आणि भावाला म्हणाला, काका, जरा चढून दाखवा, म्हणजे आमचं काम झालं.

भावाच्या डोक्यावर निळा फेटा बांधला. त्याने तळहातांवर थुंकल्यासारखं केलं, तसं देवळाखालचं घर खुश झालं. मग तो कमरेएवढा चढला आणि अडकला. पाय वर जाईना, खाली येईना. फेटा घसरून नाकावर आला. खालून दोघांनी त्याच्या टाचा धरल्या. काहीतरी सांगण्यासाठी त्याने आधी, सवयीने, दोनदा नाक ओढलं.

दिग्दर्शक जागचा उडाला. हाच तो, म्हणाला. लहानपणी आजोळच्या माळ्यावर ज्याच्या भीतीने मी उशीत तोंड खुपसायचो, तोच. माझा व्हिलन सापडला.

मला त्याला सड्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. इतक्या वर्षांनी आलेला माणूस, आणि त्याच्या तोंडावर पुन्हा तेच. बाबा काठी टेकत उठले. मी त्यांना शाळेतसुद्धा आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"व्हिलन नाय," ते ओरडले. "तो माझा नायक हाय. पाळी हाय त्याची."

भाऊ कातळाला चिकटलेलाच होता. फेट्यातून एक डोळा दिसत होता. तो तिथूनच म्हणाला, "बाबा, तुमच्या पुस्तकांत मी किती येळा मेलो, म्हायत हाय?"

"हाय."

"मग कशाला मारलात?"

बाबा काठी टेकत कातळाशी आले. आख्खं गाव ऐकत होतं आणि टाचा धरलेले दोघे टाचा सोडायला तयार नव्हते.

"दुसऱ्या कोणाच्या पोराला मारता येत नव्हतं रे," बाबा म्हणाले. "गावात राहायचं होतं. आपलाच होतास तू, तुला मारलं तरी चालेल, असं वाटलं. नाय चाललं."

चटयांवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. गावाला प्रथमच कळलं की त्यांच्या अकरा घरांच्या मानाचं मोल कोण चुकतं करत होतं. भावाने नाक ओढलं, या वेळी एकदाच. त्याला उतरवून घेतलं. त्याने फेटा काढला, हातात जरा वेळ धरला आणि त्या नटाच्या डोक्यावर ठेवला.

"हिरो ह्यालाच करा. मी व्हिलन करतो," तो दिग्दर्शकाला म्हणाला. "पण ह्या खेपेला मरणार नाय."

दिग्दर्शक घाबरत म्हणाला की शेवटी तर तो दरीत पडतो, सगळी गोष्टच त्यावर उभी आहे. बाबा म्हणाले, पडणार नाही. मग काय करणार, त्याने विचारलं. बाबांनी पोरांना गणित घालताना करायचे तसे डोळे बारीक केले.

"घरी जाईल," ते म्हणाले. "जेवेल."

एवढ्यावर मिटलं असतं, पण गावकीने आठवण केली की पाळी अशी हवेत देता येत नाही. ज्याला द्यायची त्याने देणाऱ्याच्या घरची भाकरी त्याच घरात बसून खायची, आणि देणाऱ्याने शेजारी बसून त्याच्याबरोबर जेवायचं. पालखीलाही हाच नियम. भाऊ हे विसरला होता. गाव विसरलं नव्हतं, आणि बाबा तर नाहीच नाही.

सगळे वाडीतल्या आमच्या घराच्या दारात आले. मी पुढे होऊन चूल पेटवली होती. नट वाकून आत गेला. भाऊ उंबऱ्याशी थांबला. मी चुलीपुढून ओरडले की भाकरी निवतेय, काय मुहूर्त बघतोयस? मग तो आत आला.

नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. नट पथ्यावरचा माणूस, एक एक घास औषधासारखा गिळत होता. भाऊ खाली मान घालून जेवत होता. दिग्दर्शकाने दारातून विचारलं की गुरुजी, आता बघून सांगा, निळा फेटेवाला पसंत आहे ना?

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"त्याला अजून एक वाढ गो," ते मला म्हणाले.

नटाने घाबरून पानावर दोन्ही हात आडवे धरले. भावाने आपलं पान पुढे सरकवलं.