मानेमागच्या वन्सं

अख्ख्या ग्वाल्हेरात जिवंतपणी भुतासारखं वावरणं कुणाला जमत असेल, तर ते आमच्या वन्संना. वन्सं म्हणजे यांची आतेबहीण, मुरारला दवाखाना चालवणारी बिनलग्नाची डॉक्टरीण. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, माना राहतात. लग्नात त्या मुद्दाम मागच्या रांगेत बसणार. मंगलाष्टकं ऐन रंगात असताना पुढच्या एखाद्या पोरीच्या मानेवर बर्फासारखं गार बोट टेकायचं. ती दचकून वळली की समोर वन्संचे न मिटणारे डोळे! "पाळी वेळेवर येते का गं?" अक्षता तशाच मुठीत धरून पोरगी पळत सुटायची.

घरी येतानाही पावलाचा आवाज नाही. फाटक वाजायचं नाही, कुत्रं भुंकायचं नाही, आपण कणीक मळत असावं आणि मागून शब्द यावेत, "गजक खाल्लीत." थंडीत ग्वाल्हेरच्या माणसानं तीळ-गुळाची गजक खाल्ली हे ओळखायला अंतर्ज्ञान लागत नाही, एवढं मलाही कळतं. पण डबा कपाटात बंद असताना त्या बोलता बोलता नेमक्या त्याच कपाटाकडे बघत बसायच्या, त्याचं काय? एकदा यांनी गजक स्कूटरच्या डिक्कीत लपवली. वन्सं जाताना स्कूटरपाशी थबकल्या, सीटवर हलकेच थोपटलं आणि निघून गेल्या. हे त्या दिवशी धड जेवलेसुद्धा नाहीत.

आमची गार्गी कॉलेजात गेली आणि तिची पाळी महिनोन्महिने येईना. हनुवटीवर केस, वाढलेलं वजन, काळवंडलेली मान. मान मळली म्हणून मी दर रविवारी डाळीचं पीठ आणि दही लावून ती खसाखसा घासायची. अशाच एका रविवारी भर दुपारी मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. माझी तर बोबडीच वळली!

"मळ नाही तो. सोलू नकोस तिला." वन्संचा आवाज कापत होता. मग त्यांनी समजावलं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन जास्तच तयार होतं. त्यानं मान काळवंडते, पुरुषी हार्मोन वाढतात, पाळी बिघडते. "पोरीचा यात काही दोष नाही. पण आत्ता सांभाळलं नाही, तर पुढे साखर जडेल."

तपासण्या झाल्या, जेवणानंतरची गोळी सुरू झाली, गोड आणि मैदा कमी झाला. शिवाय जेवलं की चालणं. गार्गी कंटाळा करायची. पण हात धुऊन वळली की दारात वन्सं उभ्या.

"आत्या, तुम्हाला कळतं कसं? सच्ची, डर लगता है!"

"लागू दे. चल."

मुरारहून सिटी सेंटरला आमच्या घरी त्या रोज कशा पोचायच्या, दवाखाना कोण बघायचं, पता नाही. गच्चीतून पाहिलं तर गार्गी बडबडत चाललेली, आणि तिच्या अगदी पाठीला चिकटल्यासारख्या मागोमाग, एक शब्द न बोलता, वन्सं. खरं सांगते, अंगावर काटा यायचा.

उन्हाळ्यात पाळी आली. मग पुढच्या महिन्यातही आली, नेमानं येऊ लागली. मी वन्संना सांगितलं. त्यांनी गार्गीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"शाबास, शालू. गोळी सोडू नकोस हं."

घरात शालू कुणी नाही. मी यांच्याकडे पाहिलं. हे पुटपुटले, "ताईची धाकटी बहीण. सगळे म्हणाले बाहेरची बाधा आहे. अंगारे-धुपारेच करत राहिले. साखर कुणी तपासलीच नाही. त्यातच गेली ती."

आपण कुणाचं नाव घेतलं ते वन्संना कळलंच नव्हतं. त्या तशाच हात ठेवून उभ्या होत्या. गार्गीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नाही सोडणार, ताई."