रिकाम्या स्टुलाचा फोटो

पिंपरीत जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणाऱ्या एका चाचांकडून मी माझा पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. सहा दिवस चाकणच्या कंपनीत काम आणि रविवारी फोटो, असा मला नादच लागला. काढलेले फोटो दुपारी चाचांना दाखवायला न्यायचो. उजेडाबद्दल, फोकसबद्दल ते चकार शब्द काढत नसत. फोटोतल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून हळूच विचारत, “इथं कोण होतं?”

“कोणी नव्हतं, चाचा.”

“घाई केली, भाऊ. जरा थांबायचं होतं.”

त्यांच्यामुळे मी खरंच थांबायला शिकलो आणि माझे फोटो सुधारले. पण बंद पडलेल्या एखाद्या शेडसमोर एकटा उभा असलो की मान वळवून मागे बघायची सवयही लागली.

गेल्या रविवारी मी वैतागून म्हणालो, “मग तुम्हीच काढून दाखवा.”

त्यांनी मला गिऱ्हाइकाच्या स्टुलावरून उठवलं. मी उठताच स्टुलावरची गादी फुगून वर आली, हे मी नीट पाहिलं. चाचा कॅमेरा डोळ्याला लावून पाच-सात मिनिटं तसेच उभे राहिले. मग पुटपुटले, “बसा, भाईजान,” आणि बटण दाबलं.

“भाईजान कोण?”

“माझा मोठा भाऊ. दुकान त्याचंच होतं. वारला.” कॅमेरा परत देताना त्यांचे डोळे भरले होते.

घरी येऊन मी तो फोटो मोठा करून पाहिला. स्टूल रिकामं आहे. गादी मात्र मधोमध दबलेली आहे.