शेवटच्या मारामारीआधीची फेरी

“सर, गेम हँग झाला होता. मी स्वतः पाहिलंय.”

प्रज्ञा हे तिसऱ्यांदा सांगत होती आणि मी तिसऱ्यांदा विचारत होतो, मग परत का होत नाही? गुरुवारची दुपार होती. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात ती सकाळपासून त्या एकाच प्रसंगाला चिकटून बसली होती. बावीस वेळा तिनं गेमचा शेवट सुरू केला आणि बावीस वेळा तो शहाण्या मुलासारखा सुरळीत पार पडला.

आमचं काम गेम तपासण्याचं, मी तिच्या टीमचा प्रमुख. लोकांना वाटतं, गेम टेस्टर म्हणजे दिवसभर खेळून पगार घेणारा माणूस. माझ्या बायकोलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात एकाच दारातून दोनशे वेळा आत-बाहेर करायचं आणि दोनशे एकाव्या वेळी पाय अडकला तर ते लिहून ठेवायचं, असं हे काम आहे. सापडलेल्या चुकीला बग म्हणतात. बग नुसता सांगून चालत नाही. काय काय केल्यावर तो दिसतो, त्या स्टेप्स लिहून द्याव्या लागतात, म्हणजे जपानमधला प्रोग्रामर तेच करून तो स्वतः पाहू शकतो. याला आम्ही ‘रिप्रो’ म्हणतो. रिप्रो नसलेला बग म्हणजे पंच नसलेला पंचनामा. कुणी विचारत नाही.

गेम एका जपानी मालिकेतला होता. टोळ्या, गुन्हेगारी, मारामाऱ्या. कित्येक वर्षं या मालिकेचे भाग येताहेत. त्यातला एक जुना भाग गेम खेळायच्या नव्या मशिनसाठी पुन्हा तयार होत होता आणि तो तपासायचं काम आमच्याकडे आलं होतं. नायक टोळी सोडलेला माणूस. सगळं घडतं एका लहानशा बाजारपेठेत. दिव्यांच्या गल्ल्या, नूडल्सची दुकानं, गाणी म्हणायच्या खोल्या. मुख्य गोष्ट सूडाची, पण वाटेत जो भेटेल त्याची कामं हा गडी करत बसतो. कुणाचं हरवलेलं मांजर शोधून दे, कुणाच्या रुसलेल्या बापाची समजूत काढ. उद्या जीव जायची वेळ आहे आणि हा मांजर शोधतोय, याचं मला सुरुवातीला हसू यायचं.

प्रज्ञाला नाही यायचं. ती कॉलेजपासून या मालिकेची चाहती. थेरगावची मुलगी, वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर होते. गेमचं नाव ऐकून तिनं जास्त पगाराची दुसरी नोकरी नाकारली होती. आमच्याकडे ती सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती आणि ते संपत आलं होतं. क्लायंटला पटला नाही तो बग ‘इनव्हॅलिड’ म्हणून परत येतो. प्रोबेशनवरच्या माणसाचे तीन बग इनव्हॅलिड झाले की त्याला निरोप द्यायचा, असा आमचा नियम. तिचे दोन आधीच झाले होते. आणि हा नियम घालून देणारा शहाणा मीच होतो.

तिचा दावा असा. शेवटची मोठी मारामारी सुरू होताना पडदा काळा होतो आणि काळाच राहतो. रेकॉर्डिंग होतं, पण आमचा रेकॉर्डर फक्त शेवटची दहा मिनिटं ठेवायचा. त्यात नायक रस्त्यानं चालत येतो, जिना चढतो आणि अंधार. त्याआधी काय झालं, ते त्यावरून कळत नव्हतं.

आमचा मॅनेजर अभिजित घाईला आला होता. मंगळवारच्या कॉलवर क्लायंटला यादी द्यायची होती.

“तुझा तिच्यावर विश्वास आहे का पुराव्यावर?” त्यानं मला विचारलं.

“पुराव्यावर,” मी म्हणालो.

“मग संपलं की.”

संपलं नव्हतं, कारण माझी झोप उडाली होती. या धंद्यात यायच्या आधी मी चाकणला एका कंपनीत बारा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. तिथं एकदा ब्रेकच्या एका पार्टची तक्रार सारखी यायची. आमच्या मोजमापाच्या गेजवर पार्ट चोख, गिऱ्हाइकाकडे मात्र खडखड. आम्ही आठवडाभर कागद फिरवले. शेवटी आमचे म्हातारे साहेब म्हणाले, इथं बसून काय उजेड पाडताय, गाडी चालवणाऱ्याकडे जा आणि गप बसून बघा. गेलो, आणि तासाभरात कळलं की तो माणूस उतारावर गाडी आम्ही स्वप्नातही धरला नसेल असा ब्रेक धरून चालवतो.

म्हणून शुक्रवारी मी प्रज्ञाला विचारलं, हा गेम खेळणारी माणसं भेटतात कुठे? ती म्हणाली, महिन्यातून एका रविवारी सकाळी डांगे चौकाजवळ मिसळ खायला जमतात. मी येतो म्हटलं तर तिचा चेहरा पडला. कामाबद्दल बाहेर एक शब्द बोलायचा नाही अशा कागदांवर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मी तिला सांगितलं, तू बोलायचं नाहीस, मीही बोलणार नाही, आपण फक्त ऐकायचं. आणि मिसळ माझ्याकडून.

दहा-बारा जण होते. चाकणहून आलेला एक सीएनसी ऑपरेटर, महेश. ड्यूटी संपवून आलेली एक नर्स. कॉलेजची दोन-तीन पोरं. आणि मध्यभागी साठी ओलांडलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे नुसतं काका म्हणत. मोशीचे. भोसरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. मुलगा परदेशी जाताना गेमचं मशिन घरी सोडून गेला आणि काकांनी ते धूळ पुसायला म्हणून हातात घेतलं, ते अजून हातातच होतं.

तासभर ते या मालिकेवर बोलत होते आणि मी तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. कुठला भाग सरस यावरून जत्रेतल्या कुस्तीवर वाद घालावा तसा वाद चालला होता. नूडल्सच्या दुकानातल्या बाईचा नवरा कसा गेला, तिला किती मुलं, ती कुणावर चिडते, सगळं त्यांना पाठ. आमच्या कागदपत्रांत ती बाई ‘दुकानदार ४’ होती. सात महिने मी त्या दुकानाचं दार उघडतं की नाही हे तपासलं होतं, पण तिला नवरा होता हे मला मिसळ खाताना कळलं. लाज वाटली आणि या लोकांचं मनापासून कौतुकही वाटलं. इतक्या आपुलकीनं कुणी आपलं काम वापरत असेल, अशी कल्पनाच मी कधी केली नव्हती.

मी नवखा म्हणूनच एक साधा प्रश्न टाकला. शेवटच्या मारामारीआधी काय तयारी करता?

“तयारी कसली,” काका म्हणाले. “आदी समद्यांना भेटून यायचं.”

“समद्यांना म्हणजे?”

“जेवढी हॉटेलं हायेत तेवढ्यात जाऊन येक येक घास खायाचा. ज्याचं ज्याचं काम केलं त्याला भेटायचं. आवो, लेक सासरी निगाली की आळीतल्या घरोघर जाऊन पाया पडून येती का न्हाई? ह्यो तर मराया चाललाय. न भेटता जायाचं व्हय?”

सगळे माना डोलवत होते. महेश म्हणाला, तोही हेच करतो, वर एक गाणंही म्हणून येतो. नर्स म्हणाली, त्या शेवटच्या फेरीत दुकानदार एकेक वेगळं वाक्य बोलतात, जो जाईल त्यालाच ऐकू येतं. मी जपून विचारलं, एवढ्या फेरीत मध्ये सेव्ह करून, बंद करून, विश्रांती वगैरे घेता का?

“निरोप घेताना मदी झोपतंय का कुनी?” काकांनी विचारलं.

मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिचा पाव रश्श्यात तसाच बुडून राहिला होता.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर मी विचारलं, “त्या दिवशी तू ही फेरी केली होतीस?”

“हो.”

“सगळी दुकानं?”

“सगळी.”

“मग स्टेप्समध्ये का नाही लिहिलीस?”

तिनं हेल्मेट हातात घेतलं. मग म्हणाली, “ती स्टेप नाहीये ना, सर. ती तर करतातच.”

आणि नंतरच्या बावीस वेळा ती फेरी का झाली नाही? कारण मी तिला सांगितलं होतं, वेळ घालवू नको, जिन्याजवळ साठवून ठेवलेला गेम उघड आणि थेट शेवटाला जा. आमच्या धंद्यात सगळ्यात जवळची वाट धरायची सवय असते. खेळणाऱ्यांना मात्र जायची घाईच नव्हती. तिची चूक अर्धी म्हटली तर माझी दीड होती.

सोमवारी सकाळी ती बसली. एकेका दुकानात गेली, खाल्लं, बोलली, बाहेर पडली. मी मागे उभा. अभिजितही येऊन उभा राहिला आणि घड्याळ बघायला लागला. नूडल्सवाल्या बाईनं नायकाला सांगितलं, परत आलास तर पैसे घेणार नाही. सात महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग गाणं झालं. मग रस्ता, जिना आणि काळोख. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

कारखान्यात मशिन बंद पडलं की मी धावत सुटायचो. त्या दिवशी बंद पडलेलं ते मशिन बघून मला इतका आनंद झाला की मी प्रज्ञाच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली. अभिजित म्हणाला, अजून दोनदा करा. दोनदा केलं, दोन्ही वेळा काळोख. कारण नंतर प्रोग्रामरनी सांगितलं, ते सोप्या भाषेत असं : नव्या मशिनवर दुकानातून बाहेर पडलं तरी त्या दुकानाचं सामान मेमरीत तसंच पडून राहत होतं. चार-पाच दुकानांनी काही बिघडत नव्हतं, आणि गेम बंद करून पुन्हा उघडला की मेमरी रिकामी व्हायची. सगळी दुकानं हिंडून आलं की शेवटची मारामारी ठेवायला जागाच उरायची नाही.

मंगळवारी कॉलवर क्लायंटकडच्या प्रोड्यूसर होत्या, मोरी-सान. प्रज्ञानं स्टेप्स वाचल्या, दुभाष्यानं सांगितल्या. मोरी-साननी त्या पुन्हा एकदा वाचायला सांगितल्या. मला वाटलं, झालं, तिसरा इनव्हॅलिड. मग त्यांनी विचारलं की इतकी दुकानं एका दमात हिंडायचं तुम्हाला कसं सुचलं?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रज्ञाच म्हणाली, “मरायला जाण्याआधी माणूस सगळ्यांना भेटून जातो.”

दुभाष्यानं ते तसंच सांगितलं. मोरी-सान म्हणाल्या की शेवटच्या फेरीतली ती वाक्यं त्यांनीच लिहिली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तेव्हा टीममधले सगळे म्हणाले होते, कुणी मागे फिरून ऐकणार नाही. एवढं बोलून त्यांनी बगपुढे ‘आधी दुरुस्त करा’ असा शेरा मारला आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या.

प्रज्ञा कायम झाली. तीन इनव्हॅलिडचा नियम मी त्याच आठवड्यात काढून टाकला. आता कुणाचा बग परत दिसत नसला, तर मी आधी विचारतो, तू काय काय केलंस. आणि मग विचारतो, ‘त्यात सांगण्यासारखं काय’ असं वाटून काय सांगितलं नाहीस? दुसऱ्या प्रश्नाला जास्त बग निघतात.

गेम बाजारात आल्यावर मी पुन्हा एका रविवारी मिसळीला गेलो. काकांनी नव्यानं आलेला तो भाग संपवला होता. अर्थातच सगळ्यांना भेटून, एकेक घास खाऊन. मी विचारलं, कसा वाटला?

“ब्येस हाय. पन जुन्यासारकाच हाय की,” काका पावाचा तुकडा मोडत म्हणाले. “मला काय कळंना, येवडी दोन वरसं कंपनीनं केलं तरी काय?”

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. कागदावर सह्या होत्या, त्यामुळे आम्ही दोघांनीही आणखी एकेक पाव मागवला.