काठीवरून गेलेला चेंडू

आमच्या गायरानावर फुटबॉलच्या गोलला आडवा दांडा नव्हता. दोन दगड, मधे माझा मोठा भाऊ आणि त्याच्या हातात मेंढरं हाकायची काठी. उंच चेंडू आला की दादा ती काठी दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरायचा. चेंडू खालून गेला तर गोल, वरून गेला तर नाही. नववीत शाळा सोडून मी परभणीला खेळायला जायला लागलो, तेव्हा माझ्या वाट्याची मेंढरंही त्यानंच राखली. त्या उपकारावर मी आजवर जेवतोय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं फार कुणाबद्दल बरं बोलायचं नाही.

'परदेशात खेळतो' म्हटलं की गावाला विमान दिसतं. मला राखीव खेळाडूंचा बाक दिसतो. नेपाळ, बांगलादेश, मालदीव: जिथं गेलो तिथं कुणाचा तरी पाय मोडला म्हणून गेलो. क्लबवाले आधी जपानी खेळाडू बघतात, मग इराणी, आणि कुणीच परवडेना की मला फोन करतात. माझं काम पुढं राहून गोल मारायचं. मारतोही अधूनमधून, पण तेव्हा कॅमेरा नसतो. मालदीवमध्ये होता. गोलकीपर पडलेला, समोर उघडा गोल, आणि मी चेंडू आभाळात घातला. कुणीतरी ते चित्रण हसण्यासाठी म्हणून इंटरनेटवर टाकलं. क्लबानं पुढचा करार केला नाही. माझं नाव टाकून शोधलं तर तेवढं एकच सापडतं.

तिशी उलटलेली, गुडघा दुखरा, हातात क्लब नाही, अशा अवस्थेत मी चारठाण्याजवळच्या आमच्या गावी आलो. क्लब सुटल्याचं दादालासुद्धा सांगितलं नव्हतं. पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं. आणि इकडं फाट्यावर बॅनर लागला: शाळेच्या संस्थाचालक साहेबांचा चेहरा परातीएवढा, माझा वाटीएवढा.

"सत्कार करायलोत आमी तुझा," साहेब गाडीची काच अर्धीच खाली करून म्हणाले. "इतकंच बोल, की आपल्या शाळेच्या मैदानावर शिकलो. मग शाळेवर खेळ शिकवायला घेतो तुला. कायमचा ये गावाकडं. काय?"

शाळेला मैदान होतं, खोटं कशाला बोलू. त्यावर साहेबांचा ट्रॅक्टर उभा असायचा आणि सुगीत सोयाबीन वाळायचं. चेंडू मी तिथं कधी पाहिला नाही. पण 'कायमचा ये' हे दोन शब्द मी खडीसाखरेसारखे तोंडात घोळवत राहिलो. घरी राहायला मिळणार असेल तर एक वाक्य काय जड आहे?

सत्काराला फेटा, शाल, नारळ, सगळं झालं. ज्या सरांनी मला "जा, मेंढरं राख" म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं, त्यांच्याच हातात माइक होता. त्यांच्या लेखी मी आता मराठवाड्याचा सुपुत्र होतो.

"आता बघूया सुपुत्राची परदेशातली करामत!"

पडद्यावर मालदीवचं तेच चित्रण आलं. शोधलं असेल, पहिलं सापडलं ते उतरवून घेतलं असेल. आधी बघायची तसदी कोण घेतो? गोलकीपर पडला. उघडा गोल. माझा डावा पाय. चेंडू दांड्यावरून, जाळीवरून, मागच्या नारळाच्या झाडांवरून गेला.

"शिक्सर!" मंडपातून कुणीतरी ओरडलं.

"लय लांब हाणला राव!"

"थेट मैदानाबाहेर!" सर माइकवर किंचाळले. "ही आपल्या मातीची ताकद!"

मंडप उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. साहेबांनी ते परत लावायला सांगितलं आणि माझी नाचक्की दुसऱ्यांदा बघून माझी पाठ थोपटली. गोल कुठं असतो हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी मला फेटा बांधला होता. आणि मी तो बांधून घेतला होता.

माइक माझ्या हातात आला. शेवटच्या खांबाजवळ दादा उभा होता, थेट मेंढरांमागून आलेला. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्यानं काठी दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली होती.

"तो गोल न्हवता," मी म्हणालो. "चेंडू वरून गेला. त्यापायी क्लबानं मला काढलं. आणि मी शाळेच्या मैदानावर शिकलो न्हाई. गायरानावर शिकलो, माझ्या दादाला गोल मारून मारून."

मग सरांनी माइक ओढून घेतला. "केवढा हा विनय!" परत टाळ्या. यांच्यापुढं खरं बोलायचीही सोय नाही.

साहेब मात्र हसतच माझ्याकडं वाकले. "शिक्षण किती झालंय रे तुझं?"

"नववी. तुमच्याच शाळंत."

"मग अवघड हाय की," म्हणाले, आणि फोटोवाल्याकडं तोंड करून बसले.

परतताना दादानं माझी शाल बोटांनी चोळून पाहिली. "लोकर न्हाई ही. नायलॉन हाय." गायरान येईपर्यंत काठीनं वाटेतले खडे उडवत चालला. मग म्हणाला, "क्लब सुटल्याचं मला माइकवरून सांगतूस व्हय रे?"

मी फेटा काढून काखेत मारला.

"आन् इतक्या जवळून हुकतूस? आपली शेळी बी मारंल की."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या सकाळी मेंढरं गायरानात सोडली, दोन दगड मांडले आणि काठी घेऊन मधे उभा राहिला. "मार. डाव्यानं."

पहिला वरून गेला. दुसराही. "जा, आण," तो म्हणायचा आणि मी लंगडत आणायचो. पावसाळा लागेपर्यंत रोज हेच चाललं.

मग भूतानमध्ये कुणाचा तरी पाय मोडला आणि मला फोन आला. त्या पोराबद्दल वाईट वाटून घेऊ की देवाचे आभार मानू, मला कळेना. दादा म्हणाला, "आदी पासपोर्ट हुडक."