कोऱ्या पानाखालच्या सह्या

आमच्या सरकारी कॉलेजच्या विकास समितीवर मी शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून बिनविरोध निवडून आलो, यात छाती फुगवावी असं काही नाही. दुसऱ्या कोणाला ती ब्याद नको होती. बाकीचे प्राध्यापक चंद्रपूर-बल्लारपूरहून दुचाकीनं येतात. चार वाजले की त्यांचे हात खिशातली किल्ली चाचपायला लागतात. कॉलेजमागच्या गल्लीत खोली करून राहणारा मी एकटाच. बायको नागपुरात तिच्या शाळेच्या नोकरीवर, मुलगी पुण्यात. "सर इथीच राह्यतात, सरांचंच नाव टाका," असं झालं आणि आमची लोकशाही पाच मिनिटांत आटोपली.

समिती ही कागदावर फार सुंदर चीज आहे. प्राचार्य, शिक्षक, ऑफिसातले बाबू, गावातले दोन प्रतिष्ठित आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी यांनी एका टेबलाशी बसून कॉलेज चालवायचं. खरी अडचण यायची ती बैठकीनंतर. काय ठरलं त्याचं इतिवृत्त टाइप होईपर्यंत मंडळी पांगलेली असायची आणि एकेका सहीसाठी महिनाभर मागे फिरावं लागायचं. मग एक युक्ती निघाली. रजिस्टरचं वरचं अर्धं पान कोरं सोडायचं, खाली सगळ्यांच्या सह्या बैठकीआधीच घेऊन टाकायच्या आणि इतिवृत्त मागाहून वर चिकटवायचं. ही अक्कल कोणाची? माझी. प्राचार्यांनी भर बैठकीत शाबासकी दिली होती आणि मी गाढवासारखा खूश झालो होतो.

गेल्या वर्षी विषय आला कॉलेजच्या वेळेचा. अकरा ते पाचऐवजी सकाळी साडेसात ते साडेबारा. कारण काय, तर ऊन. आमच्याकडे उन्हाचं कारण बरं पडतं, ते हिवाळ्यातही देता येतं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं: दुपारचं जेवण आपापल्या घरी.

बैठकीच्या आदल्या दिवशी विद्यार्थी प्रतिनिधी माझ्याकडे भूगोल विभागात आली. जिवतीच्याही वरच्या, डोंगरातल्या एका खेड्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिकडची पहिली बस आमच्या गावात साडेनऊला पोचते. सकाळचे दोन तास रोज बुडणार, हजेरी भरणार नाही, परीक्षेचा फॉर्म अडणार.

"सर, घरचे आधीच म्हणतात, रोज रोज खाली कायले जातं. आता तं त्यायले कारणच भेटन. माह्यंच नाई, वरून येनाऱ्या सगळ्या पोरींचं कॉलेज सुटन. तुमी बोलसान ना?"

"बोलीन. शब्द देतो तुला."

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू व्हायच्या आत रजिस्टर फिरलं. तिच्यापाशी आलं आणि थांबलं. पेन हातात धरून तिनं विचारलं, "इथी तं काईच नाई लिवलं. मंग सही कायची करू?"

सगळे हसले. मीही हसलो. तिच्याकडे वाकून म्हणालो, "कर बेटा, ती नुसती हजेरीची आहे. इथली पद्धतच आहे तशी." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

मी बोललो. बरा बोललो. बसची वेळ सांगितली, मुलींच्या घरचं सांगितलं. दोघेतिघे मान हलवत होते, मला वाटलं जमतंय. तेवढ्यात माझा एक सहकारी, ज्याच्या डब्यातली वांग्याची भाजी मी वर्षानुवर्षं खात आलोय, हसत हसत म्हणाला, "तुमाले काय सर, घरी वाट पाह्यनारं कोनी नाई. आमाले काऊन कोंडून ठेवता?"

पुन्हा हशा. त्याच्या मनात वाईट नव्हतं, बोलणंच तसं आहे त्याचं. पण ते निम्मं खरं होतं. वेळ बदलणार हे कळलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा त्या मुली आल्या नव्हत्या. साडेबारानंतर मी काय करणार, कोणाशी बोलणार, हे आलं होतं. आपलं हे यांना इतकं उघड दिसतं? मला लाज वाटली आणि मी खाली बसलो. मग ती मुलगी उठली, बसचं तिनं पुन्हा सांगितलं. एक प्रतिष्ठित म्हणाले, "एसटीले अर्ज देऊ." आणि चहा आला.

चार दिवसांनी रजिस्टर बघितलं. वर कागद चिकटवलेला होता: 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' खाली माझी सही, माझ्या सहीखाली त्या मुलीची. मी तणतणत प्राचार्यांकडे गेलो.

"मी विरोध केला होता!"

"सही तुमचीच आहे ना, सर?"

"ती आधीची आहे!"

"पद्धतही तुमचीच आहे," ते शांतपणे म्हणाले.

आता साडेबाराला गाड्या निघून जातात. मी विभागात नकाशांच्या खाली बसून एकटा डबा खातो. कधी बायकोला फोन लावतो. ती वर्गात असते, फोन कापते. संध्याकाळी ती करते तेव्हा मी म्हणतो, सहज केला होता गं.

दिवाळीनंतर अशाच एका दुपारी ती मुलगी दारात आली. नाव काढायचा अर्ज घेऊन. त्यावर प्रत्येक विभागाची सही लागते, भूगोलाची माझी.

"मी बोललो होतो गं," माझ्या तोंडून निघालं.

"हो सर. होती ना मी तिथी."

मी अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'.

"हे काय? कॉलेजची वेळ बदलली म्हणून, असं लिही. खोड हे."

"बाबूंनी हेच लिवाले सांगितलं. पद्धत हाय म्हणे, सगळे हेच लिवतात." तिनं दाराबाहेर बघितलं. "करा सर, बस जाते माह्यी."

मी पेन उघडलं. एवढ्या वर्षांत वाचून केलेली ती माझी पहिली सही होती, आणि जे वाचलं ते खोटं होतं. मी केली.