आम्ही जिला पार्टिशन म्हणायचो

लालबागच्या आमच्या चाळीत भिंती दोनच प्रकारच्या होत्या. रस्त्याकडची आणि मागच्या अंगणाकडची, ती भिंत. आतली जी काही असेल ते पार्टिशन. फळ्यांचं असो, पत्र्याचं असो, नाहीतर चांगलं जाडजूड विटांचं असो, दोन खोल्यांच्या मध्ये उभं आहे ना, मग ते पार्टिशन. "पार्टिशनपलीकडचे आज परत जुंपलेत," असं आई पोळ्या लाटताना म्हणायची. पुढे मी इंजिनिअर झालो. लोकांच्या इमारतींचे नकाशे काढायचे आणि त्यांना वॉर्ड ऑफिसातून परवानग्या मिळवून द्यायच्या, हा माझा धंदा झाला. तरी चाळीत पाऊल टाकलं की माझ्याही तोंडात तोच शब्द यायचा.

या शब्दापायी एक तरुण मुलगा मेला, आणि दुसऱ्या एका माणसाला हाड मोडेपर्यंत मारून चाळीतून घालवलं गेलं. त्या दुसऱ्या माणसाबद्दल चाळीत जे सांगितलं जातं ते खोटं आहे. ते खोटं माझं आहे.

तळमजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या आणि मंडळाने त्या व्यायामशाळेसाठी घेतल्या. मंडळाचा अध्यक्ष माझा मित्र. आम्ही एकाच जिन्यावर वाढलो, एकाच संघातून कबड्डी खेळलो. चढाईला तो गेला की समोरचे मागे सरायचे, कारण तो शिवायचा कमी आणि मारायचा जास्त. त्याने मला खोल्या दाखवल्या आणि मधल्या भिंतीवर थाप मारली.

"हे पार्टिशन उडवायचं. मोकळा हॉल पाहिजे. कागदाचं तू बघ."

कागदाचं मी बघितलं. राहत्या खोल्यांची व्यायामशाळा करायची तर वापर बदलण्याची परवानगी लागते. विटांची भिंत काढायची तर इमारतीचा सगळा हिशेब नव्याने मांडून द्यावा लागतो. तो मांडला असता तर ती भिंत काढता येणार नाही, असंच उत्तर आलं असतं. मला ते मांडायच्या आधीच माहीत होतं. पण पार्टिशन काढणं ही किरकोळ दुरुस्ती, तिला कोणी विचारत नाही. मी अर्जात चाळीचाच शब्द लिहिला. ऑफिसात वाचणाऱ्याने त्याचा ऑफिसातला अर्थ, म्हणजे कसलाही भार नसलेला आडोसा, घेतला आणि खाली माझी सही बघून कागद पुढे सरकवला.

त्या भिंतीचं काम काय होतं, हे आधी सांगतो. वरच्या मजल्याचं वजन तिच्यावर होतं, पण ते पेलायला लोखंडी गर्डर टाकता येतो, आणि तो आम्ही टाकला. भूकंपात मात्र मार बाजूने येतो. काडेपेटीतला आतला खण काढून घ्या आणि रिकाम्या कवचाला बोटाने बाजूने ढकला. ते तिरपं होऊन झोपतं. आमच्या चाळीचा तो आतला खण म्हणजे ही भिंत होती. मुंबईत कुठे भूकंप होतोय, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. देशाच्या भूकंपाच्या नकाशात मुंबई निर्धोक पट्ट्यात नाही, हे मला पाठ असूनही म्हणायचो.

भिंत पाडायच्या दिवशी तिच्यासमोर वरचे काका येऊन उभे राहिले. ते त्याच खोल्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहायचे. गिरणी बंद पडल्यापासून घरी होते, बायको गेलेली, शाळेत जाणारी एक मुलगी. बोलणं सगळं मालवणी. त्यांनी दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"झिला, तू इंजिनेर. माका खरा सांग. ही काढल्यावर वर माझा काय होतला?"

"काका, पार्टिशन आहे ते," मी म्हणालो. "पार्टिशनने काय होतंय?"

"व्हय काय? मगे माझी जमीन कशार बसली आसा?"

"काका, तुमच्या जमिनीला पण व्यायाम होईल," पोरांतलं कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

काका हलले नाहीत. मित्राने त्यांची बंडी धरून ओढलं. ते परत भिंतीला चिकटले. मग त्याने उलट्या हाताने त्यांच्या तोंडावर मारलं. काकांनी त्याच्या छातीवर डोकं हाणलं, तसे दोघातिघांनी त्यांचे पाय धरले आणि त्यांना ओढत बाहेर नेलं. उंबऱ्याच्या दगडावर त्यांचं डोकं आपटलं तो आवाज मी ऐकला. मुलगी शाळेच्या गणवेशात जिन्यात उभी होती. काका अंगणात बसून रक्त थुंकले आणि माझ्याकडे बोट केलं.

"हेच्या शब्दार काढा. मी हेच्या शब्दार बाजूक होतंय."

ते बाजूला झालेले नव्हते, त्यांना फेकलं होतं. पण मारापेक्षा माझ्या शब्दाने आपण हटलो, असं त्यांना चारचौघांत दाखवायचं होतं.

पहिला घण मित्राने मारला. नारळ फोडावा तसा, थाटात. घण उसळून मागे आला आणि त्याचा खांदा दुखावला. पोरं आळीपाळीने मारत राहिली, तळहात फुटले, एकाच्या पायावर वीट पडून बोटाचं नख उडालं. "साला पार्टिशन आहे की किल्ला?" एक जण घाम पुसत म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत हॉल मोकळा झाला.

व्यायामशाळा सुरू झाली. खाली वजनं आदळली की वर काकांच्या फळीवरची भांडी पडायची. ते खाली येऊन सांगायचे, पोरं म्हणायची कानात कापूस घाला. शेवटी त्यांनी कुठूनतरी लाकडी बल्ल्या आणल्या आणि हॉलच्या एका कोपऱ्यात, आपल्या जमिनीखाली, पाचरी ठोकून टेकू उभे केले. पोरांनी ते लाथा मारून पाडले. त्यांनी परत उभे केले. तेव्हा झटापट झाली. काकांनी एकाच्या पाठीत बल्ली घातली आणि त्याबद्दल चौघांनी त्यांना तुडवलं. ते प्रकरण मिटवलं मित्राच्या धाकट्या भावाने. रात्रपाळी करून आलेला हा मुलगा दिवसा घरच्या गडबडीत झोप लागत नाही म्हणून व्यायामशाळेत सतरंजी टाकायचा. तो म्हणाला, "राहू दे रे टेकू. माझा शर्ट टांगायला होतो."

त्याचा शब्द सगळे ऐकायचे. टेकू राहिले.

मग एका सकाळी लांब कुठेतरी जमीन हलली आणि तिचा विरत आलेला झटका आमच्यापर्यंत पोचला. मी अंगणात दात घासत होतो. पिंपातलं पाणी काठावरून सांडलं. कोणी हलवलं म्हणून मी वळलो, आणि चाळीची ती बाजू झुकताना दिसली. कवच झोपावं तशी. गर्डर जागेवरून निसटला आणि काकांची खोली, जमीन, फळी, भांडी, सगळी खाली व्यायामशाळेत आली. काका अंगणात होते, त्यांची मुलगी शाळेत. धाकटा आत झोपलेला होता.

आम्ही हातांनी उपसलं. नखं गेली, कोणाला कळलं नाही. धाकट्याचे पाय आधी दिसले. एक पाय हलत होता. मित्र त्याच्या नावाने ओरडत तुळई उचलायला बघत होता आणि ती उचलली जात नव्हती. उचलली गेली तेव्हा पाय थांबला होता. छाती सपाट झाली होती. चेहऱ्याला खरचटलंदेखील नव्हतं.

तो एक कोपरा मात्र पडला नव्हता. काकांचे टेकू उभे होते, वरची जमीन त्यांनी तेवढ्यापुरती धरून ठेवली होती आणि बल्लीवर धाकट्याचा शर्ट टांगलेला होता. मी बघितलं. इंजिनिअर म्हणून बघितलं. तो कोपरा सगळं सांगत होता.

"ह्यानेच ठोकून ठोकून तुळई फोडली," मागून कोणीतरी म्हणालं. "ह्याच्या टेकूंनी."

मित्र उठला. कोपऱ्यातून एक बल्ली उपटली, शर्टासकट. अंगणात काकांसमोर गेला आणि थांबला. थांबला, हे मला आजही दिसतं. तो माझ्याकडे वळला.

"तू सांग. टेकूंनीच ना?"

मी बोललो नाही. मान हलवली. होकाराची.

मग त्याने मारलं. पहिला फटका काकांनी हातावर घेतला आणि कोपर उलट्या बाजूला वाकलं. दुसरा डोळ्यावर बसला. तो कुठे मारणार हे मी आधी ओळखू शकत होतो, इतकी वर्षं त्याच्याबरोबर खेळलेलो. काका ओरडत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, एका डोळ्याने. पोलीस येईपर्यंत आणखी काही जणांनी हात साफ करून घेतले. नंतर चौकशीला आलेल्या माणसाने मला विचारलं, तेव्हा तीच मान मी शब्दांत लिहून दिली. रहिवाशाने विनापरवानगी टेकू ठोकल्यामुळे तुळईला तडा गेला. दुःखात झालेला प्रकार म्हणून मारहाणीचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. काका मुलीला घेऊन गावी गेले. त्यांचा तो हात पुन्हा सरळ झाला नाही आणि डोळा गेला. काही वर्षांनी ते तिथेच वारले.

मी स्वतःची समजूत काढली होती. खरं सांगायचं म्हणजे मित्राला सांगायचं, की तुझ्या भावावर जे पडलं त्याचा पहिला घण तुझा. ते त्याच्यापासून लपवणं ही मैत्री आहे, असं मी मानत आलो. वाचणाऱ्याला हे पटणार नाही. मलाही पटत नव्हतं, सोयीचं होतं.

आता ती चाळ पाडून टॉवर होणार आहे. मी गिरगावात राहायला गेलो त्याला खूप वर्षं झाली, पण आईवडिलांची खोली नावावर आहे म्हणून बैठकीला गेलो. मित्र अजून अध्यक्षच, गुडघे गेलेले, हातात काठी. काकांची मुलगी आली होती. पन्नाशीकडे आलेली बाई, कोकणात शिक्षिका. वडिलांच्या खोलीच्या जागी आपल्याला घर मिळावं, एवढं तिने शांतपणे मांडलं.

"माझा भाऊ ज्याने मारला त्याच्या पोरीला ह्या बिल्डिंगीत घर?" मित्र म्हणाला. "माझं मढं उचला आणि मग द्या."

"बाबांनी कोणाला मारलं नाही," ती म्हणाली.

"गप बस गं. हा बसलाय ना इंजिनिअर. ह्याने लिहून दिलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं. विषय तिथेच ठेवून बिल्डरच्या ऑफिसातल्या तरुणाने नव्या इमारतीचा नकाशा भिंतीवर लावला. तळमजल्यावर व्यायामशाळा, तिला धाकट्याचं नाव. मित्र काठी टेकत पुढे गेला.

"ही मधे भिंत कशाला? नाव देताय तर हॉल मोठा द्या."

"साहेब, टेन्शन नको," तरुण म्हणाला. "पालिकेकडून राहायला परवानगीचा दाखला हातात आला की काढून टाकू. पार्टिशन म्हणून दाखवता येईल."

मी उठलो. कसा उठलो ते सांगता येत नाही.

"ते पार्टिशन नाही," मी म्हणालो. "तेव्हाचंही नव्हतं."

"तेव्हाचं म्हणजे?" मित्र म्हणाला. "काय, सकाळीच घेऊन आलायस काय?"

"ती भिंत काढली म्हणून चाळीची ती बाजू पडली. टेकूंनी काही फुटलं नव्हतं. टेकू होते तेवढाच कोपरा वाचला होता. मला भिंत काढायच्या आधीपासून माहीत होतं."

त्याला समजायला वेळ लागला. चेहऱ्यावरून दिसत होतं, तो मागे मागे जात होता, बल्लीवरून टेकूंवर, टेकूंवरून भिंतीवर.

"घण मी मारलेला," तो म्हणाला.

त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"मी मारलेला रे घण."

आणि काठीची मूठ माझ्या तोंडावर आली. पुढचे दात गेले. मी खुर्चीसकट मागे पडलो, आणि तो गुडघ्यांचं दुखणं विसरून माझ्यावर आला, गळा धरला, डोकं लादीवर आपटलं. मी हात वर केले नाहीत. पोरांनी त्याला ओढलं तेव्हा त्याच्या हातात माझ्या सदऱ्याचा तुकडा होता.

काकांची मुलगी माझ्याजवळ आली. मला वाटलं रुमाल देईल.

"इथे नको," ती म्हणाली. "अंगणात चला. बाबांना जिथे मारलं तिथे सांगा. तेव्हा जेवढ्या मोठ्याने बोलला होतात तेवढ्या मोठ्याने."

"मी तेव्हा बोललो नव्हतो. नुसती मान हलवली होती."

"मग आता बोला."

मी अंगणात उभा राहिलो. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होतं, दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत होते. बाल्कन्यांत माणसं जमली. मी काकांचं नाव घेतलं आणि सगळं सांगितलं. कोणी ऐकू येत नाही म्हणालं, तेव्हा परत सांगितलं. मागे काठीचा आवाज जवळ येत गेला. मी मान आत ओढून फटक्याची वाट बघितली.

फटका आला नाही. तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि वर बघत म्हणाला, "घण माझा होता." मग आवाज खाली आणून, फक्त मला, "ह्या अंगणात परत दिसलास तर उरलेले पण पाडीन."

मी परत गेलेलो नाही. परवा काकांच्या मुलीचा फोन आला. घराला आता कोणाची हरकत नाही, हे तिने सांगितलं. व्यायामशाळेला भावाचं नाव द्यायला मित्राने नकार दिला, हेही सांगितलं. माझी चौकशी केली नाही, आभार मानले नाहीत. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "नव्या नकाशात ती भिंत भिंत म्हणूनच लिहिली आहे. मी स्वतः बघून आले."